बिल आलं की लगेच भरायचं नसतं

वाचकाचं पत्र

"ताई, आम्ही न्यू जर्सीत राहतो. मी, नवरा आणि दोन मुलं, एक बारा वर्षांचा आणि एक सात. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याने नोकरी सोडून स्वतःचं कन्सल्टिंग सुरू केलं, तेव्हापासून इन्शुरन्स सरकारी मार्केटप्लेसवरून, स्वतःच विकत घेतो. नोव्हेंबरात एका रात्री मोठ्याच्या पोटात भयंकर दुखायला लागलं. अपेंडिक्स असेल या भीतीने इमर्जन्सीत नेलं. सलाइन, रक्त, सोनोग्राफी, सीटी स्कॅन, सहा तास. शेवटी निघालं काय, तर चार दिवस पोट साफ झालं नव्हतं! आता इस्पितळाचं ४,३८६ डॉलरचं बिल आलंय, डॉक्टरांच्या ग्रुपचं १,२४० चं वेगळं आणि कुठल्याशा रेडिओलॉजिस्टचं ६१० चं वेगळं. तो म्हणे आमच्या विमा कंपनीच्या नेटवर्कात, म्हणजे तिच्याशी दर ठरलेल्या डॉक्टरांत, नाही. त्यात जानेवारीपासून प्रीमियम महिना ९४० वरून १,९०० च्या वर गेला. नवरा म्हणतो, इन्शुरन्सच बंद करू, आपल्याला काय धाड भरलीय. नाहीतर सरळ पुण्याला परत जाऊ. मेमध्ये सासूबाई सहा महिन्यांसाठी येताहेत. त्यांना मधुमेह आहे, चार वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालीय. मला रात्री झोप लागत नाही. बिल भरून मोकळी होऊ का? आणि हा देश हे कधी सुधारणार आहे की नाही?

– बिलाने बेजार"

प्रिय बेजार,

तू मला ताई म्हटलंस, पण मुलांची वयं बघून हिशेब केला तर तू माझ्या मुलीच्या वयाची निघतेस. तेव्हा अगं-तुगं करते, राग मानू नकोस.

पहिलं म्हणजे, हे उत्तर वाचेपर्यंत तू बिल भरून टाकलं नसशील अशी आशा आहे. मी ओळखते आपल्या लोकांना. मी बावीस वर्षं एका इस्पितळाच्या बिलिंग खात्यात काढली आहेत, काउंटरच्या त्या बाजूला. नाव पाहूनच आम्हाला कळायचं. कुलकर्णी, जोशी, पाटील दिसलं की आठ दिवसांत चेक. विचारणा नाही, कुरबुर नाही. घरी शिकवलेलं असतं ना, कुणाचं देणं ठेवायचं नाही. किराणावाल्याचं, दूधवाल्याचं महिन्याच्या पहिल्या तारखेला चुकतं करायचं. संस्कार चांगलाच आहे, पण तो अशा दुकानासाठी आहे जिथे मालाचा भाव आधी कळतो. तुझी आई मंडईत कोथिंबिरीच्या जुडीवरून घासाघीस करत असेल, कारण तिला ठाऊक असतं की भाजीवालीने सांगितलेला पहिला भाव हा खरा भाव नसतो. इस्पितळाचंही तसंच आहे. फक्त ते खिडकीच्या पाकिटातून, छापील कागदावर येतं, म्हणून आपल्याला ते कोर्टाचं समन्स वाटतं.

तो कागद आत्ता समोर घे. खालच्या बाजूला फाडून पाठवायचं एक कुपन असेल आणि चौकटीत ठळक अक्षरांत 'पे धिस अमाउंट'. ते कुपन झाकून ठेव. आता वरचा भाग बघ. त्यात बहुधा चार-पाच ओळीच असतील: 'इमर्जन्सी रूम', 'लॅबोरेटरी', 'फार्मसी', 'सीटी स्कॅन' आणि प्रत्येकीपुढे एक गोल आकडा. याला मी बिल म्हणत नाही, ही नुसती बेरीज आहे. तुला हवं ते आयटमाइज्ड बिल, प्रत्येक वस्तू आणि प्रत्येक सेवा सुटी, तिच्या ठरलेल्या क्रमांकासकट, ज्याला सीपीटी कोड म्हणतात. फोन करून एवढंच म्हणायचं: "मला सीपीटी कोडसह आयटमाइज्ड बिल पाठवा आणि ते येईपर्यंत खातं होल्डवर ठेवा." भांडायचं नाही, आवाज चढवायचा नाही. बोलणाऱ्या माणसाचं नाव, तारीख, रेफरन्स नंबर वहीत लिहून घ्यायचा. वहीच घे. फोनमधल्या नोट्स ऐन वेळी सापडत नाहीत.

ते आलं की इमर्जन्सीच्या ओळीतला पाच आकडी कोड शोध. तो ९९२८१ ते ९९२८५ यांतला एक असेल. शेवटचा आकडा म्हणजे पायरी. एक म्हणजे किरकोळ, पाच म्हणजे जिवावरचं. मुलाला सलाइन लावलं, तपासण्या केल्या, सहा तास ठेवून घरी पाठवलं. सीटी केल्यावर पायरी वर चढतेच, त्यामुळे चार लावली असेल तर तक्रारीला फारशी जागा नाही. पण पाच लावली असेल तर विचारायला हवं. त्यासाठी शब्द आहे 'कोडिंग रिव्ह्यू'. तो नुसता उच्चारला तरी पलीकडच्या बाईला कळतं की ही नुसती रडायला आलेली नाही. मग इस्पितळाच्या पोर्टलवरून मुलाचे वैद्यकीय कागद उतरवून घे आणि बिलाशी ताडून बघ. सलाइनची बाटली एक लागली की दोन? सीटी एकदाच झाला ना? औषध दिलं असं बिलात आहे, ते नर्सच्या नोंदीत आहे का? मी असताना एका पेशंटला त्याला कधी न दिलेल्या ॲलर्जीच्या गोळीचे पैसे लागले होते. कारण एवढंच, की गोळी कपाटातून काढली गेली आणि मशीनने नोंद केली. माणूस तोवर बरा होऊन घरी गेला होता.

आता विमा कंपनीकडून आलेला दुसरा कागद काढ, 'एक्स्प्लनेशन ऑफ बेनिफिट्स'. त्यावर 'धिस इज नॉट अ बिल' असं लिहिलेलं असतं आणि त्यामुळेच लोक तो केराच्या टोपलीत टाकतात. खरं तर महत्त्वाचा कागद तोच. इस्पितळाने किती मागितले, कंपनीबरोबर ठरलेला दर किती आणि तुझा वाटा किती, हे तीन आकडे त्यात असतात. इस्पितळाच्या बिलातला आकडा आणि यातला 'तुझा वाटा' जुळला पाहिजे. नाही जुळला तर तुझा वाटा तेवढाच, वरचा नाही. डॉक्टरांच्या ग्रुपच्या १,२४० चंही तसंच. विमा कंपनीने त्याचा निकाल लावलाय का ते आधी बघ. पुष्कळदा हे ग्रुप पेशंटचा विमा नंबर चुकीचा घालतात आणि बिल सरळ घरी धाडतात.

रेडिओलॉजिस्टच्या ६१० डॉलरची चिंता तू करूच नकोस. १ जानेवारी २०२२ पासून 'नो सरप्रायझेस ॲक्ट' लागू आहे. इमर्जन्सीत नेलेल्या पेशंटला कुणी डॉक्टर नेटवर्काबाहेरचा निघाला, तर तो तुझ्याकडून नेटवर्कातल्या वाट्यापेक्षा जास्त एक डॉलर मागू शकत नाही. बाकीचं तो आणि विमा कंपनी आपसांत बघून घेतील. न्यू जर्सीचा स्वतःचा असाच कायदा तर २०१८ पासूनच आहे. एका पत्रात या कायद्याचं नाव लिहून रेडिओलॉजिस्टच्या ऑफिसला पाठव, प्रत विमा कंपनीला. (याच कायद्यात हेलिकॉप्टरची अँब्युलन्स येते, पण रस्त्यावरून धावणारी येत नाही. असं का, ते विचारू नकोस.)

"नुसतं पोट साफ नव्हतं आणि आपण इमर्जन्सीत धावलो" अशी रुखरुख तुझ्या पत्रात दिसते. ती सोड. बारा वर्षांच्या मुलाच्या पोटात रात्री तसं दुखलं तर मीही नेलं असतं. कायदाही तुझ्या बाजूने आहे. कंपनीला इमर्जन्सीचा खर्च लक्षणांवरून ठरवावा लागतो, शेवटी काय निदान निघालं त्यावरून नाही. साध्या समजूतदार माणसाला त्या क्षणी भीती वाटली असती का, एवढाच प्रश्न.

हे सगळं करूनही एक रक्कम उरेल, कारण वर्षाचं डिडक्टिबल, म्हणजे विमा पैसे द्यायला लागण्याआधी आपण भरायची रक्कम, तुमच्याच माथी आहे. तिथे दोन गोष्टी विचार. एक, फायनान्शियल असिस्टन्स. न्यू जर्सीत सरकारी चॅरिटी केअर, म्हणजे गरजूंना बिलात माफी किंवा सवलत, आहे, पण ती दारिद्र्यरेषेच्या तिपटीपर्यंतच, म्हणजे तुम्ही त्यात बसत नाही. मात्र ना-नफा तत्त्वावर चालणाऱ्या प्रत्येक इस्पितळाला २०१० च्या कायद्याने स्वतःचं लेखी सवलत-धोरण ठेवावंच लागतं. काहींची मर्यादा बरीच वर असते. अर्ज पहिल्या बिलापासून २४० दिवस करता येतो. दोन, सवलत नाहीच मिळाली तर बिनव्याजी हप्ते. महिना शंभर-सव्वाशे म्हण आणि त्याला चिकटून राहा. क्रेडिट स्कोअरची भीती नवऱ्याला असेल तर सांग की न्यू जर्सीने २०२४ मध्ये कायदा करून इस्पितळाचं देणं क्रेडिट एजन्सीला कळवायला बंदी घातली आहे. एक मात्र कटाक्षाने टाळ. हे बिल क्रेडिट कार्डावर भरू नकोस. कार्डावर गेलं की ते वैद्यकीय देणं राहत नाही, साधं वीस-पंचवीस टक्के व्याजाचं कर्ज होतं, आणि वरचे सगळे कायदे हातातून निसटतात.

हे इतकं खोलात का सांगतेय, त्यालाही कारण आहे. १९९८ च्या सुमाराची गोष्ट. मी खात्यात नवी होते. एक वयस्कर गृहस्थ आले, आपल्यातलेच, मोटेलवर रात्रपाळी करणारे. बायको आठ दिवस दाखल होती, विमा नव्हता. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून चेकबुक काढलं आणि सबंध यादीच्या भावाने चेक लिहिला. विमा कंपनी त्याच कामाचे निम्म्याहून कमी देते. यादीचा तो पुरा भाव ज्याच्यामागे कुणी नाही त्यालाच लागतो. चॅरिटी केअरचे फॉर्म माझ्या टेबलाच्या दुसऱ्या ड्रॉवरमध्ये होते. त्यांनी विचारलं नाही आणि न विचारता द्यायची आम्हाला पद्धत नव्हती. चेक लिहून झाल्यावर ते मला मराठीत म्हणाले, "कुणाचं ठेवलं नाही, बरं वाटलं." मी पावती दिली.

तर आता प्रीमियम.

आधी झालं काय ते समजून घे, म्हणजे नवऱ्याशी बोलताना उपयोग होईल. २०२१ मध्ये, कोविडच्या काळात, मार्केटप्लेसवरच्या विम्याला केंद्राने मदत वाढवली आणि ठरवलं की प्रीमियम घराच्या उत्पन्नाच्या साडेआठ टक्क्यांच्या वर जाता कामा नये. २०२२ मध्ये ती मुदत २०२५ अखेरपर्यंत वाढवली. २०२५ मध्ये १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर असं ४३ दिवस सरकार बंद होतं ना, ते भांडण मुख्यतः याच मदतीवरून होतं. भांडण मिटलं, पण मदतीचा प्रश्न न सुटताच, आणि ३१ डिसेंबरला ती संपली. आता जुना नियम परत आलाय. दारिद्र्यरेषेच्या चौपटीपर्यंत उत्पन्न असेल तर मदत, एक डॉलर वर गेलात तर केंद्राकडून शून्य. इथले लोक याला 'क्लिफ' म्हणतात, म्हणजे कडा. चौघांच्या कुटुंबाला २०२६ साठी हा कडा १,२८,६०० डॉलरवर आहे.

पत्रासोबत तू तुमचं उत्पन्न कळवलंस, १,३५,००० च्या आसपास. हा आकडा टॅक्स फॉर्मवरचा ॲडजस्टेड ग्रॉस, म्हणजे ठरावीक वजावटींनंतरचं उत्पन्न, आहे असं मी धरते. म्हणजे तुम्ही कड्यावरून जेमतेम साडेसहा हजारांनी खाली पडला आहात! इथे माझ्यातली बिलिंगवाली जागी झाली. कारण हे साडेसहा हजार खाली आणता येतात, अगदी सरळ मार्गाने.

२०२६ पासून मार्केटप्लेसवरचा कुठलाही ब्रॉन्झ, म्हणजे कमी प्रीमियमचा, प्लॅन असला तरी हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट, म्हणजे एचएसए हे उपचारांसाठीचं करसवलतीचं बचत-खातं, उघडता येतं. कुटुंबाची २०२६ ची मर्यादा ८,७५० डॉलर. न्यू जर्सीत २०२६ च्या विम्यासाठी मार्केटप्लेसची दारं ३१ जानेवारीपर्यंत उघडी, त्यामुळे फेब्रुवारीपासून ब्रॉन्झ धरला तरी अकरा महिन्यांचे आठ हजारांच्या आसपास त्यात टाकता येतील. ते उत्पन्नातून वजा होतात. १,३५,००० चे १,२७,००० झाले, तुम्ही कड्याच्या आत आलात. मग नियम असा की त्या भागातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या स्वस्त सिल्व्हर प्लॅनला तुम्ही उत्पन्नाच्या ९.९६ टक्क्यांहून जास्त द्यायचं नाही, म्हणजे महिना १,०५० च्या आसपास. ब्रॉन्झ त्याहून खाली पडेल. आणि एचएसएत टाकलेले आठ हजार कुठे जात नाहीत, ते तुमचेच. पुढच्या वर्षी उरले तर उरले. याच पैशातून पोराच्या पोटदुखीचं बिलसुद्धा भरता आलं असतं, पण खातं उघडायच्या आधीच्या खर्चाला ते चालत नाही, म्हणून या खेपेला नाही. नवऱ्याचा स्वतःचा धंदा आहे, तेव्हा निवृत्तीसाठी सोलो ४०१के किंवा सेप आयआरए काढूनही उत्पन्न खाली येतं.

दोन खड्डे मात्र लक्षात ठेव. ब्रॉन्झचं डिडक्टिबल मोठं असतं. एचएसए भरलेलं नसेल तर तो प्लॅन म्हणजे आगीतून फुफाट्यात. आणि वर्षअखेरीस उत्पन्न कड्याच्या एक डॉलर जरी वर गेलं, तर केंद्राकडून मिळालेली मदत सगळीच्या सगळी परत करावी लागते. म्हणून डिसेंबरात एखाद्या गिऱ्हाइकाचा मोठा चेक येणार असेल तर काय करायचं ते ऑक्टोबरातच सीपीएशी, म्हणजे तुमच्या टॅक्सच्या हिशेबनीसाशी, बोल. सीपीए निवडतानाही त्याला एवढंच विचार, "प्रीमियम टॅक्स क्रेडिटचा, म्हणजे या केंद्राच्या मदतीचा, कडा माहितेय ना?" तो गोंधळला तर दुसरा बघ. राज्य सरकारची वेगळी मदत दारिद्र्यरेषेच्या सहापटीपर्यंत आहे. ती तुझ्या १,९०० मध्ये धरली गेलीय का, तेही बघून घे.

इन्शुरन्स बंद करायचं नवरा म्हणतो. रागाच्या भरात म्हणतो, समजू शकते. माझ्या नवऱ्याची नोकरी २००२ मध्ये गेली तेव्हा कोब्राचा, म्हणजे नोकरीतला जुना विमा स्वखर्चाने चालू ठेवायचा, आकडा बघून तोही हेच म्हणाला होता. पण न्यू जर्सीत विमा नसला तर टॅक्स भरताना दंड आहे, ही एक गोष्ट. आणि मोठी गोष्ट दुसरीच. तुझ्या एक्स्प्लनेशनमध्ये पहिला आकडा बघ, इस्पितळाने मूळ किती मागितले होते तो. ४,३८६ च्या दुपटीहून जास्त असेल. विमा नसता तर त्या आकड्यापासून बोलणी सुरू झाली असती. शिवाय विम्यात वर्षाच्या खर्चाला एक छत असतं. २०२५ मध्ये ते कुटुंबाला जास्तीत जास्त १८,४०० डॉलर होतं. भयंकर आकडा आहे, मान्य. पण कॅन्सरच्या एका वर्षाच्या बिलापुढे तो काहीच नाही, आणि ती बिलं मी स्वतः टाइप केली आहेत. हो, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर 'महिना तीनशे डॉलरात सबंध कुटुंब' असं काही फिरत असेल तर हात लावू नकोस. ते बहुधा हेल्थ शेअरिंग असतं. तो विमा नसतो, वर्गणी असते, आणि पैसे द्यायचं बंधन कुणावरच नसतं.

सासूबाईंचं थोडक्यात सांगते. व्हिजिटर इन्शुरन्सचे दोन प्रकार. 'फिक्स्ड'वाला स्वस्त असतो, पण प्रत्येक गोष्टीला ठरावीक रक्कम देतो, इमर्जन्सीला अमुक, दिवसाच्या खोलीला तमुक. इथल्या भावांपुढे ती रक्कम म्हणजे दर्यात खसखस. 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' घे. त्यातही मधुमेह आणि हृदयाचं जुनं दुखणं असल्यामुळे 'ॲक्यूट ऑनसेट ऑफ प्री-एक्झिस्टिंग कंडिशन' हे शब्द शोध आणि त्यांच्या वयाला ते किती रकमेपर्यंत लागू आहे ते वाच. वय वाढलं की ही मर्यादा एकदम खाली येते. त्यात अचानक आलेला झटका बसतो, नेहमीची तपासणी आणि साखर वाढली म्हणून दाखवणं बसत नाही. तिकडून निघण्याआधी डॉक्टरांना दाखवून, सहा महिन्यांच्या गोळ्या मूळ पाकिटात, चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घेऊन येऊ दे. गोळ्या हातातल्या बॅगेत. दाताचं काही असेल तर तिकडेच उरकून येऊ दे. आणि त्यांच्यासमोर बिलाच्या गोष्टी काढू नका. माझ्या सासूबाई एकदा इथे असताना छातीत दुखतंय हे तीन तास बोलल्या नाहीत, कारण आदल्या दिवशी जेवताना आम्ही इमर्जन्सीच्या भावांवरून हसलो होतो.

"हा देश हे कधी सुधारणार?" सुधारणा झाल्याच नाहीत असं नाही, पण इथे त्या तुकड्या-तुकड्याने होतात. मुळात विमा नोकरीला का बांधलेला, तर दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, सरकारने पगारवाढीवर बंदी घातली. कामगार ओढायला कंपन्यांनी पगाराऐवजी आरोग्यविमा देऊ केला, पुढे तो करमुक्त झाला आणि युद्धाची सोय कायमची व्यवस्था होऊन बसली. राष्ट्राध्यक्ष ट्रुमनने १९४५ मध्ये सगळ्यांना सरकारी विमा द्यावा असं मांडलं, तर डॉक्टरांच्या संघटनेनेच ते हाणून पाडलं. वीस वर्षांनी, ३० जुलै १९६५ ला, राष्ट्राध्यक्ष जॉन्सनने मेडिकेअरच्या, म्हणजे म्हाताऱ्यांच्या सरकारी विम्याच्या, कायद्यावर सही केली ती ट्रुमनच्या गावी जाऊन, आणि पहिलं कार्ड त्यालाच दिलं. पण ते म्हाताऱ्यांपुरतं. बाकी सगळ्यांना विमा द्यायचं १९९४ मध्ये क्लिंटनच्या काळात पुन्हा फसलं. २०१० मध्ये ओबामाचा कायदा आला. सरकारी विम्याचा पर्याय त्यातून सिनेटमध्ये एक-दोन मतांपायी गळला, पण जुनं दुखणं असलेल्या माणसाला विमा नाकारायचा नाही, हे त्यात राहिलं. तोही कायदा जुलै २०१७ मध्ये एका मताने वाचला. सिनेटर मॅकेनने कायदा मोडायच्या विरोधात अंगठा खाली केला तेव्हा मी ऑफिसातल्या चार बायकांबरोबर रात्री दीड वाजता टीव्हीसमोर बसले होते. त्या चौघींपैकी एकीला ल्युपस हा जुनाट आजार होता.

हे का रेंगाळतं त्याचं माझं उत्तर असं. २०२३ मध्ये या देशाने आरोग्यावर ४.९ लाख कोटी डॉलर खर्च केले, राष्ट्रीय उत्पन्नाच्या १७.६ टक्के. आपण त्याला खर्च म्हणतो, पण त्यातला प्रत्येक डॉलर कुणाची तरी मिळकत आहे. त्यात माझा बावीस वर्षांचा पगारही आला. तुझं बिल करणारी, तुझ्या विमा कंपनीत ते तपासणारी, तुझ्या डॉक्टरकडे त्यावर फोन करणारी, या तीन बायका एकाच कागदावर पोट भरतात. आणि ज्यांना नोकरीतून विमा मिळतो त्यांना झळ दिसत नाही. २०२५ मध्ये नोकरीतल्या कौटुंबिक विम्याचा सरासरी प्रीमियम २६,९९३ डॉलर होता, त्यातले पगारातून कापले गेले ६,८५०. उरलेले 'कंपनी भरते'. कंपनी कुठून भरते? जी पगारवाढ झाली नाही, तिच्यातून. तुम्हाला धंद्यामुळे सबंध आकडा दिसला, शेजाऱ्याला चौथाई दिसतो, म्हणून तो शांत आहे.

नवरा नागरिक असेल तर मतदान करू देच, पण त्याआधी तुमच्या काँग्रेसमनच्या स्थानिक ऑफिसला तुमचे दोन आकडे कळवा, ९४० आणि १,९००. भाषण नको, आकडे. तिथली माणसं ते टिपून ठेवतात.

पुण्याला परत जायचं तर जा ना, मला काय म्हणायचंय! पण या बिलासाठी जाऊ नका. तिथेही ॲडमिशनच्या काउंटरवर आधी डिपॉझिट मागतात आणि म्हाताऱ्यांचे प्रीमियम तिथेही वाढतात. सासूबाईंनाच विचार. मुलांच्या शाळेसाठी, आईवडिलांसाठी, धंद्यासाठी जायचं असेल तर तो वेगळा विषय. त्याचं वेगळं पत्र लिही आणि बिल मिटल्यावर लिही.

फोन सोमवारी सकाळी करू नकोस, सोमवारी सगळेच करतात आणि पलीकडची बाई दहा वाजेपर्यंतच वैतागलेली असते. बुधवारी किंवा गुरुवारी, दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर कर. वही जवळ ठेव. आणि पोराला पपई आवडते का बघ.

तुझी,
ताई